पासवर्ड तपासायचा कुणी? मेल सर्व्हरच्या दारावरचा इतिहास

(हा पॉडकास्टच्या या भागाचा लेखी उतारा आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तसा न दिसणारा आहे. तुमच्या फोनवरचं मेलचं अ‍ॅप दिवसभर सर्व्हरशी बोलत असतं. प्रत्येक वेळी ते आधी सांगतं, "मी अमुक, ही माझी ओळख." सर्व्हर म्हणतो, "ठीक आहे, ये आत." आता गंमत अशी की बहुतेक ठिकाणी त्या मेल सर्व्हरला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. तो दुसऱ्या कुणाला तरी विचारतो आणि मग दार उघडतो.

सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. नवीन वॉचमन तुम्हाला ओळखत नाही. तो इंटरकॉमवरून फ्लॅटमध्ये फोन लावतो, "साहेब, कुणीतरी आलंय, सोडू का?" वरून हो आलं की गेट उघडतं. मेल सर्व्हर म्हणजे हा वॉचमन. तर प्रश्न असा की हा इंटरकॉम आला कधी, बसवला कुणी, आणि इंटरकॉमच्या पलीकडे आज कोण बसलंय? हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण जो ओळख तपासतो त्याच्याच हातात शेवटी किल्ली असते. कंपनी सोडलेल्या माणसाचं दार कधी बंद होतं, आणि न सोडलेल्या माणसाचं चुकून बंद झालं तर काय होतं, हे सगळं त्यावर ठरतं.

सुरुवातीला कडीच नव्हती

कॉम्प्युटरवरच्या पासवर्डची गोष्ट एमआयटीच्या सीटीएसएस या सिस्टिमपासून सुरू करतात. १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवली. एकच मोठं यंत्र, अनेक माणसं वापरणार, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. हे सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये होते, जसेच्या तसे, वाचता येतील असे.

मग १९६६ मध्ये एक प्रकार घडला. लॉगिन केल्यावर रोजची सूचना दिसायची, तिच्याऐवजी सगळ्यांच्या पडद्यावर पासवर्डची अख्खी फाइल छापून यायला लागली! कारण साधं होतं. मजकूर बदलायचा जो एडिटर होता, तो तात्पुरती फाइल एकाच ठरलेल्या नावाने बनवायचा. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते, एक सूचनेच्या फाइलवर, दुसरा पासवर्डच्या फाइलवर, आणि दोघांची अदलाबदल झाली. कॉर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा स्वतः सांगितला. पासवर्ड एका जागी ठेवले की सोय होते, आणि धोकाही एका जागी जमा होतो. ही ओढाताण पुढे आपल्याला सारखी भेटणार आहे.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मेल पाठवला आणि पत्त्यात ते @ चिन्ह आलं. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी लिहिलं, म्हणजे आरएफसी ८२१. आजही मेल याच भाषेत पाठवला जातो. त्या मूळ कागदात पाठवणाऱ्याची ओळख तपासायची कुठलीच सोय नव्हती. समोरचं यंत्र "हेलो" म्हणून नाव सांगायचं आणि आपण विश्वास ठेवायचा. हा निष्काळजीपणा होता असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये त्या नेटवर्कवर जेमतेम २१३ यंत्रं होती. गावात सगळे ओळखीचे असले की दाराला कुलूप कोण लावतं?

शिवाय तेव्हा मेल वाचायला तुम्ही त्या यंत्रावरच लॉगिन करायचात. युनिक्सवरचं खातं आणि मेलची पेटी एकच. तपासायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच केलेलं असायचं.

वाचायला पासवर्ड, पाठवायला काहीच नाही

मग टेबलावर पर्सनल कॉम्प्युटर आले. मेल एका ठिकाणी, माणूस दुसऱ्या ठिकाणी. १९८४ मध्ये पीओपी आलं, १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅपवर काम सुरू केलं. आता नेटवर्कवरून "युजर अमुक, पास तमुक" असं उघड सांगावं लागायचं. तारेवर कान लावून बसलेल्या कुणालाही ते ऐकू यायचं, आणि लोक खरंच कान लावून बसले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने इशारा दिला की इंटरनेटवर ठिकठिकाणी असे पासवर्ड टिपले जात आहेत.

पाठवण्याच्या बाजूला तर पासवर्डच नव्हता. कुठलाही सर्व्हर कुणाचाही मेल पुढे ढकलायचा. याला ओपन रिले म्हणतात. नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांच्या हे लक्षात आलं आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून लाखो मेल जायला लागले.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तो हाच काळ. डायल-अपच्या त्या जमान्यात जगभरचे इंटरनेट देणारे बहुतेक एकच युक्ती करायचे. फोन लावून आत आलेला माणूस आपला, त्याचा आयपी पत्ता आपला, म्हणून त्याचा मेल घ्यायचा. पण माणूस दुसऱ्या गावी गेला, दुसऱ्याच्या लाइनवरून आला की पंचाईत. त्यावर एक जुगाड निघाला: आधी मेल वाचायला लॉगिन करा, मग सर्व्हर तुमचा आयपी काही मिनिटं लक्षात ठेवील, तेवढ्यात पाठवून घ्या. याला "पॉप बिफोर एसएमटीपी" म्हणायचे. चालायचं, पण जुगाड तो जुगाडच.

तीन डोक्यांचा कुत्रा

याच प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर मात्र आधीच तयार होतं. एमआयटीमध्ये १९८३ साली प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. कॅम्पसभर वर्कस्टेशनं, कुणीही कुठेही बसावं आणि त्याला आपलं काम दिसावं अशी कल्पना. मग मेल, प्रिंटर, फाइल या प्रत्येक सेवेकडे सगळ्यांचे पासवर्ड ठेवायचे का? ते सगळे तारेवरून जाणार का?

त्यातून कर्बेरॉस आलं. नाव ग्रीक पुराणातल्या, पाताळाच्या दारावरच्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. रचना अशी की ओळख तपासणारा एकच वेगळा सर्व्हर. तुम्ही सुरुवातीला त्याच्याकडे आपली ओळख पटवायची, तो तुम्हाला तिकीट देणार, ते तिकीट मेलच्या सर्व्हरला दाखवायचं. पासवर्ड मेल सर्व्हरकडे जातच नाही. तिकिटाला मुदत असते, ती संपली की नवं घ्यायचं. अथेनामध्ये मेल आणणारं पीओपीसुद्धा या तिकिटांवर चालवलं होतं. म्हणजे ऐंशीच्या दशकातच "मेल सर्व्हरने ओळख बाहेरून तपासून घ्यावी" ही कल्पना प्रत्यक्षात होती.

बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये कर्बेरॉस समजावायला एक संवाद लिहिला, नाटकासारखा, चार प्रवेशांचा. अथेना आणि युरिपिडीस ही दोन पात्रं. एक जण उपाय सुचवतो, दुसरा त्यात भोक दाखवतो, पुन्हा नवा उपाय. सिक्युरिटीमध्ये नवीन असाल तर हा संवाद जरूर वाचा. जाडजूड पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

पण कर्बेरॉसला एक मोठी अट होती. तुमच्या कॉम्प्युटरलाही ते बोलता आलं पाहिजे. विद्यापीठात ते जमायचं, घरच्या विंडोजवर कठीण होतं.

प्रत्येकाची भाषा वेगळी

आता चित्र बघा. मेलचे प्रोटोकॉल तीन, पीओपी, आयमॅप आणि एसएमटीपी. ओळख पटवायच्या पद्धती चार-पाच. प्रत्येक जोडीसाठी वेगळे नियम लिहायचे तर आयुष्य जाईल.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तेव्हा सायरस नावाचा मेल सर्व्हर तयार होत होता. नाव इराणच्या प्राचीन सम्राटाचं, कारण टपालाची पहिली व्यवस्था त्याने उभी केली असं मानलं जातं. त्या गटातले जॉन मायर्स यांनी १९९४ मध्ये आयमॅपसाठी ओळखीच्या पद्धती लिहिल्या, आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये हीच कल्पना मोकळी करून सॅसल या नावाने मांडली, आरएफसी २२२२. मार्च १९९९ मध्ये त्यांनीच ती एसएमटीपीला जोडली. एसएमटीपीच्या जन्मानंतर जवळजवळ १७ वर्षांनी पाठवणाऱ्याला अधिकृतपणे "तू कोण?" असं विचारता यायला लागलं!

सॅसलमध्ये होतं काय, तर सर्व्हर म्हणतो, "मला या या पद्धती येतात." तुमचं अ‍ॅप एक निवडतं. सर्व्हर ३३४ म्हणून पुढचं विचारतो, पटलं तर २३५, नाही पटलं तर ५३५. आतला संवाद कुठल्या पद्धतीचा आहे याच्याशी मेलच्या प्रोटोकॉलला देणंघेणं नाही.

नेमक्या याच वर्षांत पलीकडची बाजूही घडत होती. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी एलडॅप आणलं. संस्थेतल्या सगळ्या माणसांची एकच यादी, आणि कुठल्याही प्रोग्रॅमने तिथे जाऊन विचारावं. १९९५ मध्ये सन कंपनीने पॅम मांडलं: प्रोग्रॅमने पासवर्ड कसा तपासायचा हे स्वतः ठरवू नये, ते बाहेरच्या मॉड्यूलवर सोडावं. म्हणजे इंटरकॉमची वायर दोन्ही बाजूंनी ओढली जात होती.

सगळ्यात साधी पद्धत जिंकली, ती का

आता या भागातला माझा सगळ्यात आवडता मुद्दा.

सॅसलच्या पद्धतींमध्ये क्रॅम-एमडी५ नावाची एक हुशार पद्धत होती. सर्व्हर एक नवीन मजकूर पाठवतो, तुमचं अ‍ॅप पासवर्ड वापरून त्याचं एक गणित करतं आणि फक्त उत्तर पाठवतं. पासवर्ड तारेवरून जातच नाही. आणि दुसरी पद्धत प्लेन. नाव आणि पासवर्ड, बेस६४ मध्ये गुंडाळून सरळ पाठवायचा. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी समजा.

कागदावर बघितलं तर क्रॅम-एमडी५ जिंकायला हवी होती. प्रत्यक्षात टिकली ती प्लेन. का? कारण क्रॅम-एमडी५ मध्ये तेच गणित सर्व्हरलाही करावं लागतं, म्हणजे त्याच्याकडे मूळ पासवर्ड किंवा त्याच्याच तोडीचं काहीतरी साठवलेलं हवं. संस्थेने पासवर्ड शहाण्यासारखे हॅश करून एलडॅपमध्ये ठेवले असतील, तर मेल सर्व्हरला ते गणित करताच येत नाही. वॉचमनला इंटरकॉमवर विचारायचं आहे, पण हातात विचारण्यासारखं काहीच नाही.

प्लेनमध्ये पासवर्ड सर्व्हरच्या हातात येतो, म्हणून तो पुढे कुणालाही देता येतो. एलडॅपला, पॅमला, डेटाबेसला, एखाद्या वेब सेवेला. बाहेरून तपासायचं असेल तर ही "कच्ची" पद्धतच उपयोगाची होती. तारेवर ऐकू येण्याचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटला: १९९९ मध्ये एसएमटीपी, पीओपी आणि आयमॅपसाठी स्टार्टटीएलएसचे नियम आले आणि सगळा संवादच कुलूपबंद नळीतून जायला लागला. कुलूप नळीला लावलं, चिठ्ठीला नाही. याची किंमत एवढीच की मेल सर्व्हरला तुमचा पासवर्ड क्षणभर का होईना, दिसतो. हा क्षणभर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग हा इंटरकॉम बांधणारे आले. सायरस गटाचा सॅसलऑथडी हा बाजूला बसणारा छोटा प्रोग्रॅम होता. नाव आणि पासवर्ड घ्यायचा, ठरलेल्या ठिकाणी विचारायचं, हो किंवा नाही सांगायचं. त्यात एक मजेशीर सोय आहे: तो दुसऱ्याच एखाद्या आयमॅप सर्व्हरवर तुमच्या नावाने लॉगिन करून बघतो. जमलं तर पासवर्ड बरोबर!

क्यूमेलचे लेखक डॅनियल बर्नस्टाइन यांनी चेकपासवर्ड नावाचा करार मांडला, तो तर पोस्टकार्डावर मावेल. तपासणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्क्रिप्टर ३ वरून वाचायचं: नाव, पासवर्ड, वेळ, जास्तीत जास्त ५१२ बाइट. पासवर्ड चुकीचा असेल तर १ देऊन बाहेर पडायचं, तात्पुरती अडचण असेल तर १११. बरोबर असेल तर पुढचा प्रोग्रॅम चालवायचा. बस्स.

वित्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला पोस्टफिक्स १९९८ मध्ये आला. त्याने तर ठरवूनच टाकलं की पासवर्ड तपासणं हे आपलं काम नाही. आधी तो सायरसच्या लायब्ररीला विचारायचा. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा डव्हकॉट २००२ मध्ये आला, आणि २००६ च्या पोस्टफिक्स २.३ पासून पोस्टफिक्स थेट डव्हकॉटलाही विचारू लागला. आज कितीतरी सर्व्हरवर हीच साखळी दिसेल. पाठवणारा पोस्टफिक्स डव्हकॉटला विचारतो, डव्हकॉट एलडॅपला विचारतो. प्रत्येक जण वर बोट दाखवतो.

उत्तरं दोन नसतात, तीन असतात

हो आणि नाही यांच्या पलीकडे एक तिसरं उत्तर आहे: "आत्ता सांगता येत नाही." बर्नस्टाइन यांनी त्यासाठी १११ ठेवला. एसएमटीपीमध्ये त्यासाठी ४५४ आहे, म्हणजे "तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने ये." ५३५ म्हणजे "तुझा पासवर्ड चूक."

हा फरक किती महागात पडतो ते मी एका ऑफिसमध्ये पाहिलं. तिथला मेल सर्व्हर पासवर्ड तपासायला एका वेब सेवेला विचारायचा. मधली स्क्रिप्ट बाहेरच्या एका व्हेंडरने लिहिलेली. त्यात "सेवा बंद आहे" आणि "पासवर्ड चूक आहे" या दोन्हीला एकच उत्तर होतं, १. एका सोमवारी ती सेवा सकाळी पाऊण तास बंद पडली. सगळ्यांच्या फोनवर एकदम आलं, "पासवर्ड चुकीचा आहे." लोकांनी काय केलं असेल? पुन्हा पुन्हा टाकून बघितला, कुणी कुणी जुने टाकले, आणि सेवा सुरू झाल्या झाल्या धडाधड नवीन पासवर्ड घेतले. मग त्यांचेच दुसरे फोन आणि लॅपटॉप जुना पासवर्ड घेऊन दारावर धडका मारत राहिले आणि खाती लॉक झाली. पाऊण तासाचा बिघाड दिवसभर चालला. टेंडर विभागातल्या एका मॅडमना दुपारी बाराच्या आत कागदपत्रं पाठवायची होती. त्या रडकुंडीला आल्या होत्या, आणि पडदा त्यांना सांगत होता की चूक तुमचीच आहे.

स्क्रिप्टमध्ये बदल करायचा होता तो एका आकड्याचा. सेवेकडून स्पष्ट नकार आला तरच १, बाकी कुठल्याही गडबडीला १११. वॉचमनच्या भाषेत, इंटरकॉम लागला नाही तर "थांबा जरा, फोन लागत नाहीये" म्हणायचं, "तुम्ही इथे राहतच नाही" असं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सारखं विचारायचा ताप नको म्हणून डव्हकॉटमध्ये उत्तर लक्षात ठेवायची सोय आहे. ती चालू केली आणि मुदत बदलली नाही तर एक तास. सेवा थोडा वेळ बंद पडली तरी लोकांचं अडत नाही, फार छान. पण दुपारी तीन वाजता कुणाला कामावरून काढलं आणि यादीतून त्याचं नाव पुसलं, तर मेलचं दार चारपर्यंत उघडं राहू शकतं. किती वेळ विसरायचं नाही हा आकडा दिसतो तांत्रिक, पण तो खरं तर एचआरने आणि आयटीने एकत्र बसून ठरवायचा असतो.

फिरून पुन्हा तिकिटाकडे

आता तो "क्षणभर". दोन हजारच्या दशकात वेबवर पद्धत पडली होती की एखाद्या साइटला तुमचे कॉन्टॅक्ट हवे असतील तर ती सरळ तुमच्या मेलचा पासवर्ड मागायची. आज अंगावर काटा येतो. त्यावर २००७ मध्ये ओऑथ आलं, २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, आणि २०१५ मध्ये आरएफसी ७६२८ ने ते अधिकृतपणे सॅसलला जोडलं. आता तुम्ही ओळख देणाऱ्याच्या पानावर जाऊन लॉगिन करता, तो अ‍ॅपला मुदतीचं टोकन देतो, अ‍ॅप ते मेल सर्व्हरला दाखवतं, आणि सर्व्हर ते खरं आहे का हे तपासून घेतो. पासवर्ड मेल सर्व्हरला दिसतच नाही.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? तिकीट, मुदत, वेगळा तपासणारा. अथेनाचा कुत्राच, फक्त यावेळी वेबचा पट्टा घालून आलाय. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर आता पाहुण्याच्या फोनवर आधीच कोड येतो, वॉचमन तेवढा कोड बघतो.

३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांवर नुसत्या पासवर्डने चालणाऱ्या जुन्या अ‍ॅपचा मार्ग बंद करायला घेतला; दोन टप्प्यांची पडताळणी असलेल्यांसाठी अ‍ॅप पासवर्ड तेवढा उरला. १ ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये तेच सुरू केलं. पाठवण्याची बाजू मात्र तेव्हा वगळली, कारण मेल पाठवणारे प्रिंटर आणि स्कॅनर! त्यांना ओऑथ येत नव्हतं. जुन्या पद्धती अशाच कोपऱ्यातल्या यंत्रांमुळे जगतात.

सुरक्षेच्या दृष्टीने हे पुढचं पाऊल आहे, यात वाद नाही. पण एक गोष्ट बदलली. कर्बेरॉसचा सर्व्हर विद्यापीठाचा स्वतःचा होता. एलडॅप आपल्याच खोलीत होतं. आज ओळख देणारा बहुतेक वेळा तिसराच, दुसऱ्या देशातला. त्याच्याकडचं खातं गोठलं की मेल, फाइल, कॅलेंडर सगळं एकदम गोठतं, आणि इकडचा अ‍ॅडमिन कितीही हुशार असला तरी काही करू शकत नाही. ओऑथ स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतं, तसे मुक्त प्रोग्रॅम आहेत. फक्त ते चालवायला माणूस लागतो, आणि माणसासाठी बजेट.

म्हणून तुमच्या ऑफिसचा किंवा कॉलेजचा मेल सर्व्हर कुणी लावून देत असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा. आमचा पासवर्ड नक्की कुणाकुणाला दिसतो? तपासणारा बंद असेल तर माणसाला काय उत्तर मिळतं, ५३५ की ४५४? आणि यादीतून नाव काढल्यावर दार किती वेळात बंद होतं? समोरच्याने उत्तर न देता "ते सगळं आपोआप होतं" असं म्हटलं, तर समजा की इंटरकॉम कुणी तपासलेलाच नाही.

पुढच्या भागात याच दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊ: बाहेरून आलेला मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय हे सर्व्हर कसं ओळखतो. तोपर्यंत काही शंका असतील तर जरूर कळवा. भेटू.